वाचकांचे प्रश्न : जुन्या संतांची पुस्तके कशासाठी?

प्रश्न : माझा भाचा धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकतो. सुट्टीत घरी आला की अविलाच्या संत तेरेजाचे पुस्तक हातातून खाली ठेवत नाही. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या स्पेनमधील मठवासिनीच्या लेखनाचा इथल्या धर्मग्रामात (चर्चच्या स्थानिक विभागात) काय उपयोग? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण त्याला वाचू द्या. तेरेजांनी ‘आंतरिक किल्ला’ हा ग्रंथ १५७७ मध्ये लिहिला, तेव्हा त्यांचे डोके सतत घुमत असे. मोठ्या नद्या खळाळत असाव्यात असा आवाज डोक्यात चालू असल्याचे त्या स्वतःच सांगतात, आणि श्रावणात दुथडी भरलेल्या गोदावरीच्या काठी उभे राहिलेल्या माणसाला तो आवाज समजावून सांगावा लागत नाही. अशा अवस्थेत त्यांनी आत्मा हा किल्ला मानून त्याच्या सात दालनांचे वर्णन केले. त्यातल्या पाचव्या दालनात त्या बजावतात की, आजारी माणसाला तुमची मदत होणार असेल तर प्रार्थनेतला गोडवा सोडून खुशाल उठा. रात्री-अपरात्री रुग्णाकडे जावे लागणाऱ्या भावी धर्मगुरूला याहून उपयोगाचे काय असणार?

एक पथ्य मात्र हवे. असे ग्रंथ एकट्याने, भराभर वाचू नयेत. दिवसाला दोन पाने वाचावीत आणि आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोलावे. भाच्याला फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ चे ‘ख्रिस्तपुराण’ हे ख्रिस्तकथेवरचे मराठी ओवीबद्ध काव्यही अवश्य द्या. मराठी ओवीची लय कानात बसली की प्रवचनाची भाषा आपोआप आपली होते.