जागा मंजूर झाली, आता काम कागदावर दिसू दे

अनेक आशीर्वाद.

महापालिकेच्या वाहतूक विभागात अभियंता म्हणून नेमणूक झाली आणि पदरी पडलं काय, तर खड्ड्यांच्या तक्रारी, मतदारयादीचं काम आणि कुणाच्या तरी दौऱ्यासाठी रात्री पट्टे रंगवून घेणं. म्हणून सोडून जाऊ का, विचारतेस. सल्लागार कंपनी जास्त पगार देते, हेही लिहिलंयस. पगाराबद्दल मी बोलणार नाही, तुझं घर तुला माहीत. मला राग आला तो एकाच वाक्याचा: ‘सर, सिग्नलच्या वेळा चुकल्यात हे मी सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही.’

सांगितलं म्हणजे काय? तोंडी? महापालिकेत तोंडी सांगितलेलं न सांगितल्यासारखंच. मोज, लिही, सही कर.

तुझाच चौक घे. रस्ता २४ मीटर, पादचाऱ्यांना हिरवा १४ सेकंद. चालण्याचा वेग आयआरसीच्या, म्हणजे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, हिशेबाने सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे लागतात २० सेकंद, तेही धडधाकट माणसाला. १४ सेकंदांत तो पोहोचतो १६.८ मीटरवर. दुभाजक मागे पडलेला, समोरचा फुटपाथ अजून सात मीटर लांब, आणि दुचाक्या सुटलेल्या. ‘चौक धोकादायक आहे’ एवढंच लिहिलंस तर वरून ‘पाहणी करावी’ असा शेरा येईल आणि फाईल झोपेल. हे आकडे लिहिलेस तर शेरा मारणाऱ्याला विचार करावा लागेल. ‘मग सगळ्यांनाच दहा दहा सेकंद वाढवा’ असंही कुणी म्हणेल. त्यालाही लेखी उत्तर दे: चक्र लांबलं की झेब्रावर ताटकळलेला माणूस लाल दिव्यातच रस्त्यात उतरतो.

सही करायची भीती वाटते, हे तू लिहिलं नाहीस, पण ओळींमध्ये दिसतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल निकषांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला वा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. तेव्हा आकड्यांवर केलेली सही तुला वाचवते. मोघम टिपणी कुणालाच वाचवत नाही.

आता जागांचं. तुमच्या वाहतूक अभियंत्याच्या दोन जागा मंजूर व्हायला किती वर्षं गेली, मला विचार. नवं पद आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, घालायचं म्हटलं की आस्थापना विभाग पहिला प्रश्न विचारतो: कामाचा भार दाखवा. दुसरा विचारतो: आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत आहे का? दुसऱ्याचं उत्तर तुझ्या हातात नाही. पहिल्याचं आहे. किती चौकांची मोजणी झाली, किती सिग्नलच्या वेळा बदलल्या, कुठे बदलायला नकार मिळाला आणि का, हे नोंदीत नसेल तर उद्या कुणीतरी लिहील की वाहतूक अभियंत्याला पुरेसं काम नाही, सबब रस्ते विभागाकडे वर्ग करावं. मग पुन्हा सल्लागार, पुन्हा जाडजूड अहवाल, आणि करार संपला की चौकाची माहिती त्याच्या लॅपटॉपसोबत बाहेर. म्हणून म्हणतो, लिही. तिसरी जागा तुझ्या टिपण्यांवरच उभी राहणार आहे.

मी त्या विभागात होतो तेव्हा मला हेकट म्हणायचे. मलनिःसारणला माझी बदली झाली ती या स्वभावानेच, असं अजूनही ऐकतो. ऐकतो आणि सोडून देतो. गतिरोधकाची मागणी आली की मी निकष लिहून परत पाठवायचो: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वरच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर. रातोरात डांबराचा उंचवटा ओतायला सही देणार नाही, हेही खाली लिहायचो. नगरसेवक चिडायचे. मग काय करायचं होतं मी? पाठीच्या मणक्याचे रुग्ण वाढवायचे? आणि हे आयआरसीचे निकष काही परके नव्हते. १९२७ साली सरकारने रस्त्यांसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली आयआरसी उभी राहिली. आपल्याच घरातलं शहाणपण आपणच कपाटात ठेवलं, त्याला मी काय करू!

खंत आहे ती वेगळी. माझ्या हाताखाली दुसरा अभियंता कधी आलाच नाही. मी रजेवर गेलो की विभाग रजेवर. तुम्ही दोघं आहात. एक मतदारयादीत अडकला तर दुसऱ्याने चौकात उभं राहावं, एवढं ठरवून घ्या. पोलिसांशी भांडू नका. एकेरी वाहतुकीची अधिसूचना ते काढतात, रस्ता आपला आहे, दोघांच्या सह्या एका नकाशावर आल्या की अर्धं काम होतं.

नोकरी सोडायची तर सोड. पण त्या चौकाची टिपणी लिहून, नोंद क्रमांक पडल्यावर सोड. कच्चा मसुदा आधी मला पाठव, लाल पेन तयार आहे. रस्त्याच्या क्षमतेच्या हिशेबात (तिथे प्रत्येक वाहन किती मोटारींबरोबर ते धरतात) दुचाकीला ०.५ गुणक लावलेला दिसला तर कागद तसाच परत येईल. आपल्या शहरात एकूण वाहनांत दुचाक्या दहा टक्क्यांच्या कितीतरी वर आहेत, तिथे ०.७५ धरतात.