2016 ची बोर्दोची रेड वाइन गिफ्ट मिळालीय, आत्ता उघडू की दहा वर्षं ठेवू?

आधी हे सांगा, बाटली सध्या आहे कुठे? तुम्ही लिहिलंय की फ्रेंच क्लायंटने सँतेस्तेफ या बोर्दोकडच्या गावची रेड दिली आणि घर पुण्यात आहे. ती किचनच्या माळ्यावर उभी ठेवली असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी तिला खाली काढा.

मी कामानिमित्त बोर्दोतच राहतो आणि इथे जेवायला बसलं की हा विषय निघतोच. जुनी तितकी चांगली हे बहुतेक वाइन्सना लागूच होत नाही, चार-पाच वर्षांत संपवायच्या असतात त्या. सँतेस्तेफचं वेगळं आहे, मेदोक या बोर्दोच्या वाइन-पट्ट्यातलं हे उत्तरेकडचं गाव, जमिनीत चिकणमाती जास्त, कॅबरने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं भरपूर, त्यामुळे टॅनिन (द्राक्षाच्या सालीतली तुरट द्रव्यं) दणकट. कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ कशी आवळते, तरुण असताना ही वाइन तशीच तुरट लागते. वर्षं जातात तसे हे टॅनिन एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला गाळ म्हणून बसतात, वाइन मऊ होते, फळाचा वास मागे पडून चामडं, तंबाखू, ओली माती, मशरूम असले वास येतात (वाचायला विचित्र वाटतं, पण लोक पैसे यासाठीच मोजतात). 2016 हे साल पण इथलं गाजलेलं, पाऊस जूनपर्यंत आणि मग लांबलचक कोरडा उन्हाळा.

आता लेबल बघा. 'ग्राँ क्रू क्लासे आं 1855' (म्हणजे 1855 च्या दर्जा-यादीतली वाइन) लिहिलं असेल तर ती बाटली दहा काय वीस वर्षंही आरामात काढेल. 'क्रू बुर्जुआ' (त्याखालचा दर्जा) किंवा नुसतंच सँतेस्तेफ असेल तर मी फार थांबणार नाही.

पण हे सगळं 12-14 डिग्री, अंधार, थोडी दमट हवा आणि आडवी बाटली धरून. आडवी कशाला तर बूच ओलं राहावं म्हणून, सुकलं की हवा आत जाते. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये साध्या कपाटात ती नुसतीच म्हातारी होईल, मुरणार नाही. वाइन फ्रिज असेल तर ठेवा, नाहीतर माझं स्पष्ट मत, येत्या थंडीत उघडा. तोपर्यंत साध्या फ्रिजमध्ये चालतं, वर्षानुवर्षं नाही.

गंमत म्हणजे याच गावच्या शातो कॉस देस्तुर्नेल या वाइन इस्टेटचा मूळ मालक लुई-गास्पार देस्तुर्नेल 19 व्या शतकात आपली वाइन भारतात पाठवायचा, आणि न विकता जहाजातून परत आलेल्या बाटल्या उलट जास्त मुरलेल्या निघाल्या असं इथे सांगतात. त्याच्या तळघराच्या इमारतीवर आजही पॅगोडा आहेत. पण म्हणून तुम्ही तो प्रयोग करू नका हां.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा म्हणजे गाळ खाली बसेल. प्यायच्या वेळी 16-18 डिग्री हवी, म्हणजे आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये, कोमट रेड नुसती दारूसारखी झोंबते. मग डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं), नसेल तर साध्या काचेच्या जगमध्ये, हळूहळू ओता, मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा आणि गाळ आला की थांबा. 2016 ला दीड-दोन तास हवा द्या. तीस वर्षांची असती तर इतका वेळ ठेवू नका म्हटलं असतं, तिचा वास तेवढ्यात उडून जातो.

ग्लास एक तृतीयांशच भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरा, कड जांभळट दिसली तर अजून तरुण, विटकरी तर मुरलेली. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब, त्याला इलाज नाही, कितीही वेळ उघडी ठेवा. हॉटेलात आधी घोटभर ओततात ते हेच तपासायला, आवडली की नाही सांगायला नव्हे.

सोबत झणझणीत रस्सा नको प्लीज, तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त बोचतात. इथे कोकराचं मटण भाजून देतात, तुम्ही मिरची हात राखून घातलेलं भाजलेलं मटण करा, किंवा जुनं कडक चीज. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.