टीबीवर पीएचडी करू का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. टीबी आणि औषधांना दाद न देणारे जंतू यावर पीएचडी करायची फार इच्छा आहे पण सिनियर म्हणतात टीबीत पडू नकोस, बाकीच्यांचे दोन पेपर येतात तोवर तुझा एक प्रयोग चालू असतो. घरचे म्हणतात तुलाच टीबी होईल. खरं काय ते सांगा.

उत्तर : सिनियर खोटं बोलत नाहीयेत, फक्त अर्धं सांगतायत. ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जंतू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो आणि टीबीच्या जंतूला त्यालाच जवळपास 20 तास लागतात, म्हणजे तुमच्या मैत्रिणीने संध्याकाळी ई. कोलायची प्लेट लावली की सकाळी कॉलनी (जंतूंचे डोळ्यांना दिसणारे पुंजके) तयार, आणि तुम्ही टीबीचे जंतू वाढवायच्या एलजे मिडियमच्या त्या हिरव्या बाटल्या लावून तीन ते सहा आठवडे बसणार. मग एक दिवस फिक्कट पिवळसर, खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कॉलनी दिसतात आणि जीव भांड्यात पडतो. किंवा दिसतं की दुसराच कुठला तरी जंतू आधी वाढून सगळं मिडियम खाऊन बसलाय, की मग पुन्हा पहिल्यापासून. हे होतंच, सगळ्यांचं होतं.

म्हणून हुशार लोक एकाच प्रयोगावर सगळं लावत नाहीत. एकीकडे खरा टीबीचा जंतू चालू ठेवायचा आणि दुसरीकडे त्याचा भाऊबंद मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, जो तीन-चार तासांत दुप्पट होतो आणि सहसा आजार करत नाही. काही लोक त्याला नाकं मुरडतात, की हा काही खरा टीबी नव्हे, आणि त्यात तथ्य आहे, त्याच्यावर चाललेलं औषध टीबीवर चालेलच असं नाही. पण बेडाक्विलीन हे टीबीचं औषध सापडलं ते याच जंतूवर औषधं तपासताना! आणि ते औषध नेमकं कुठे काम करतं तेही कळलं ते त्याला दाद न देणारे जंतू मुद्दाम वाढवून, त्यांचा जीनोम म्हणजे सगळा डीएनए वाचून, मग दिसलं की बदल एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवणाऱ्या एन्झाइमच्या जीनमध्ये आहे. तो पेपर 2005 चा, आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली 2012 च्या अखेरीस. पेपर ते मंजुरी एवढा काळ लागतो, हे डोक्यात ठेवून या.

गाइड निवडताना माझं मत स्पष्ट आहे, नावापेक्षा लॅब बघा. बीएसएल-3 लॅब, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या घातक जंतूंसाठीची कडक बंदोबस्ताची लॅब, त्यांची स्वतःची आहे का दुसऱ्यांची वापरतात, आठवड्यातून किती वेळा आत जायला मिळतं, आधीच्या विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षं लागली, आणि लॅब देखभालीसाठी बंद असते तेव्हा ते काय करत होते. हे त्या विद्यार्थ्यांनाच गाठून विचारा, गाइडला विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही.

आता घरच्यांची भीती. जिवंत, आजार करणाऱ्या टीबीचं काम बीएसएल-3 मध्ये होतं, तिथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात म्हणजे दार उघडलं तरी हवा आत येते, बाहेर जात नाही, आणि बाहेर सोडायची हवा फिल्टरमधून जाते. चेहऱ्यावर नीट बसणारा रेस्पिरेटर, दोन-दोन ग्लोव्ह्ज, मागून बांधायचा गाऊन. खरा धोका हवेत उडणाऱ्या बारीक थेंबांचा असतो, त्यामुळे व्हॉर्टेक्स केलेली (मशीनवर जोरात घुसळलेली) ट्यूब लगेच उघडायची नाही, थेंब बसू द्यायचे, आणि सेंट्रिफ्यूजचं भांडं हवा गाळणाऱ्या सेफ्टी केबिनेटच्या आतच उघडायचं. काम सुरू करण्याआधी आणि नंतरही ठराविक काळाने टीबीच्या संसर्गाची तपासणी होते. धोका शून्य नाही, पण शिस्तीत काम केलं तर आटोक्यात राहतो. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला, यात संकोच नको.

प्रश्न : नवीन औषध आलं की त्यालाही रेझिस्टन्स येतोच, म्हणजे जंतू त्याला दाद देईनासे होतात. मग आयुष्यभर हे करून वैज्ञानिकाच्या हाती काय लागतं?

उत्तर : प्रश्न तिखट आहे पण रास्त आहे. 1948 साली ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिन या टीबीच्या औषधाच्या चाचणीचे निकाल छापून आले तेव्हाच हे दिसलं होतं, पेशंट आधी सुधारले आणि मग बऱ्याच जणांमधले जंतू औषधाला जुमानेनासे झाले. पण त्यातूनच दोन-तीन औषधं एकदम द्यायची कल्पना पक्की झाली. हिशोब असा, टीबीच्या नेहमीच्या औषधांपैकी आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू अंदाजे 10 लाखांत एक आपोआप तयार होतो, रिफॅम्पिसिनला 10 कोटींत एक. फुफ्फुसाच्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, म्हणजे एकच औषध दिलं तर वाचणारा कोणीतरी आधीच तिथे बसलेला असतो, पण दोन्ही औषधांना पुरून उरणारा सापडणं जवळपास अशक्य. टीबीचं एक बरं आहे, क्लेबसिएला वगैरे जंतू प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यांवरून) रेझिस्टन्स एकमेकांना वाटत सुटतात तसं हा करत नाही, याचं सगळं स्वतःच्याच जीनोममधल्या म्युटेशनवर, म्हणजे डीएनएतल्या बदलांवर, चालतं.

आणि हाती लागतं ते असं, एमडीआर टीबीला (म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्हींना दाद न देणाऱ्या टीबीला) जिथे आधी दीड-दोन वर्षं उपचार आणि त्यातही महिनोन्महिने इंजेक्शनं, बहिरेपणाचा धोका असायचा, तिथे 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना बऱ्याच पेशंटना सहा महिन्यांच्या गोळ्या सुचवते. त्यात बेडाक्विलीन आहेच. त्यालाही रेझिस्टन्स दिसू लागलाय हे खरं, औषध बाहेर फेकणारा पंप ज्याच्या ताब्यात असतो तो जीन बिघडला की पंप मोकाट सुटतो, आणि वर क्लोफाझिमिन हे दुसरं औषधही लागू पडेनासं होतं. त्यामुळे काम संपलंय असं कोणी म्हणणार नाही.

प्रश्न : मला कॉम्प्युटर आवडतो, लॅबमध्ये हात चालत नाही. यात जागा आहे का?

उत्तर : भरपूर. टीबीचा जीनोम 1998 सालीच वाचून झाला, सुमारे 44 लाख अक्षरं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 38 हजारांहून जास्त नमुने तपासून कुठलं म्युटेशन कुठल्या औषधाला निकामी करतं याची यादी काढली, तरी बरीच म्युटेशन्स अजून 'नक्की सांगता येत नाही' या खात्यात पडून आहेत. पायथन आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं करा, पण एकदा तरी लॅबमध्ये उभं राहून ड्रग ससेप्टिबिलिटी टेस्ट (जंतू कुठल्या औषधाला दाद देतो त्याची तपासणी) कशी लावतात ते बघा, नाहीतर काठावरचा रिझल्ट आला की तो जंतूचा आहे का टेस्टचा, हे ओळखताच येणार नाही.