४२९४९६७२९७ या संख्येचे गणिती गुणधर्म कोणते? ती मूळ संख्या आहे का?

नाही, ती मूळ नाही. तिचे ६४१ × ६७००४१७ असे दोन अवयव पडतात आणि ते दोन्ही मूळ आहेत. आपण गुणधर्म विचारले आहेत. माझ्या मते ‘मूळ की संयुक्त’ हाच या संख्येचा सर्वांत रंजक भाग आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहितो.

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या तिच्याच कुळातल्या. त्यांत २ चा घातांक अनुक्रमे १, २, ४, ८, १६ असतो. या पाचही मूळ असल्याने पुढच्या सगळ्याही मूळ असाव्यात, असे सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांना वाटले होते. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलर यांनी नेमकी सहावीच, म्हणजे हीच संख्या फोडून दाखवली. त्यासाठी सरसकट भागाकार करत बसण्याची गरज नाही, कारण हिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असावा लागतो, आणि अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ अशा ओळीने घेतल्या तर पाचवीच ६४१ येते.

भागाकार न करताही हे पटवता येते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१ धरता येते, आणि त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची, बाकी १ होते. पण ६४१ म्हणजेच ६२५ + १६. तेव्हा ६२५ च्या जागी −१६ घातले की २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ निघते, आणि त्यात १ मिळवल्यावर निःशेष भाग जातो.

गंमत अशी की मूळ संख्या ओळखण्याची फर्मा यांचीच कसोटी, पाया (ज्याचा घात घ्यायचा ती संख्या) २ घेतल्यास, या संख्येला पकडू शकत नाही: २ चा (संख्या वजा १) वा घात घेऊन तिने भागले तर मूळ संख्येप्रमाणेच बाकी १ उरते. पाया ३ घेतला की मात्र सोंग उघडे पडते.

उरलेले गुणधर्म थोडक्यात सांगतो. विभाजक चार, त्यांची बेरीज ४३०१६६८३५६. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) असलेल्या संख्या ४२८८२६६२४०. तिचे दोन्ही मूळ अवयव ४ ने भागल्यास बाकी १ देतात, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज दोन प्रकारे होते. एक प्रकार उघडच आहे, ६५५३६ चा वर्ग अधिक १. दुसरा ६२२६४ आणि २०४४९ यांच्या वर्गांचा. त्यातला २०४४९ हा स्वतःच १४३ चा वर्ग आहे.