कायदेविषयक सल्ला : वॉशिंग्टनचं शिक्षण खातं आवळलं, म्हणून मुलाचं मूल्यमापन थांबतं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. दोन वर्षांपूर्वी चिंचवडहून आलो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. मुलगा सात वर्षांचा, पब्लिक स्कूलमध्ये दुसरीत आहे. गणितात बरा आहे, गोष्ट ऐकली की शब्दन्‌शब्द सांगतो, पण वाचायला बसवलं की रडतो. शाळा म्हणते, घरी मराठी बोलता म्हणून असं होतंय. ईएसएल, म्हणजे इंग्रजी नवीन असलेल्या मुलांचं इंग्रजीचं जादा शिक्षण, चालू आहे, धीर धरा. त्याची तपासणी करा म्हटलं तर कौन्सेलर म्हणाली, आधी ‘आय अँड आर एस’ या वर्गातल्या जादा मदतीचे दहा-बारा आठवडे होऊ द्या, आणि तसंही वॉशिंग्टनचं शिक्षण खातं बंद होतंय, स्पेशल एज्युकेशनचं पुढे काय होईल कुणी सांगावं. माझ्या सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर त्याचं मराठी वाचन घेतात. तिथेही तो ‘काम’ आणि ‘कमा’ यात गोंधळतो. नवऱ्याला भीती वाटते की जास्त मागे लागलो तर व्हिसाला अडचण येईल, मुलावर शिक्का बसेल. शिवाय पुढच्या वर्षी टेक्सासला बदली होण्याची शक्यता आहे. थांबावं की काही करावं?

उत्तर :

ताई, थांबू नका. याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. तो कसा द्यायचा ते खाली लिहिलं आहे. पण कौन्सेलरच्या शेवटच्या वाक्याने तुम्ही जास्त हादरलेल्या दिसता, म्हणून आधी त्याबद्दल.

वॉशिंग्टनचं शिक्षण खातं लहान झालंय हे खरं आहे. मार्च २०२५ मध्ये जवळपास निम्मे कर्मचारी कमी करायचं ठरलं, २० मार्चला खातं बंद करण्याच्या दिशेने पावलं टाकण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला आणि १४ जुलैला सुप्रीम कोर्टाने ती कपात तूर्त होऊ दिली. पण तुमच्या मुलाचा हक्क त्या खात्याने दिलेलाच नाही. अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत त्याच्या गरजेनुसार मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, हा कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९७५ मध्ये केला. आज आपण त्याला आयडीईए म्हणतो. आणि शिक्षण खातं स्थापन करणारा कायदा आला १९७९ मध्ये. म्हणजे खातं नव्हतं तेव्हाही हा हक्क होता. तो काढायचा तर काँग्रेसलाच कायदा बदलावा लागेल. खात्याची इमारत रिकामी झाली तरी तुमच्या डिस्ट्रिक्टची, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेची, जबाबदारी तसूभर कमी होत नाही.

आता ही जबाबदारी वॉशिंग्टनहून तुमच्या शाळेपर्यंत पोहोचते कशी, हे समजून घ्या. शाळेसोबतच्या मीटिंगमध्ये त्याचाच उपयोग होणार आहे. भारतात ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आलं, त्यामुळे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर थेट कायदे करता येतात. अमेरिकेच्या घटनेत शिक्षण हा शब्दच नाही. शिक्षण हा फेडरल घटनेतला मूलभूत हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये टेक्सासच्याच एका खटल्यात सांगितलं. शाळा राज्याच्या, आणि चालवतात स्थानिक बोर्डं. मग केंद्राचा हात पोहोचतो तो पैशातून. राज्याने आयडीईएचा निधी घेतला की त्या कायद्याच्या सगळ्या अटी त्याच्यावर बंधनकारक होतात. राज्य स्वतःचे नियम करतं, न्यू जर्सीत ते प्रशासकीय संहितेच्या ६ए:१४ या प्रकरणात आहेत, आणि ते नियम डिस्ट्रिक्टला पाळावे लागतात.

डिस्ट्रिक्टची एक तक्रार रास्त आहे, तीही सांगतो. देशभरातल्या शालेय खर्चात केंद्राचा वाटा साधारण एक दशांश. स्पेशल एज्युकेशनच्या जादा खर्चासाठी काँग्रेसने दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदतीचं आश्वासन दिलं होतं. तिथवर ती मदत कधीच गेली नाही. उरलेला भार पडतो तो राज्यावर आणि तुमच्या-माझ्या प्रॉपर्टी टॅक्सवर. शाळेतली माणसं वाईट नसतात, त्यांच्या हातात माणसं आणि पैसे कमी असतात. पण खर्च परवडत नाही हे कारण कोर्टात टिकत नाही. १९९९ मध्ये आयोवातल्या एका मुलाला शाळेच्या वेळात सतत नर्सिंगची देखभाल लागत होती. डिस्ट्रिक्टने खर्चाचा मुद्दा काढला आणि सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला.

आता तुमचा मूळ प्रश्न. अपंगत्वाची शंका असलेली मुलं स्वतःहून शोधून त्यांचं मूल्यमापन करणं हे डिस्ट्रिक्टचं काम आहे, आणि पालकालाही ते लेखी मागता येतं. ‘आय अँड आर एस’ ही वर्गातली जादा मदत चांगली आहे, ती चालू राहू द्या. पण तिच्या नावाखाली मूल्यमापन लांबवता येत नाही. फेडरल शिक्षण खात्याच्या स्पेशल एज्युकेशन कार्यालयाने जानेवारी २०११ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून हेच बजावलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात. मीटिंगमध्ये हे वाक्य शांतपणे म्हणा आणि ते मिनिट्समध्ये लिहून घ्यायला सांगा.

घरी मराठी बोलता, या मुद्द्यात कायद्याच्या दोन बाजू आहेत. केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अपंग ठरवायचं नाही, असं आयडीईए सांगतो. हे कलम चांगलं आहे. परदेशातून आलेल्या कितीतरी मुलांना पूर्वी चुकीच्या वर्गात टाकलं जायचं. पण तेच कलम तपासणीच नाकारायला वापरणं म्हणजे कायदा उलटा वाचणं. भाषेची अडचण आहे की वाचनाची, हे तपासल्याशिवाय कळणार कसं? म्हणून तर कायदा म्हणतो की मुलाची खरी क्षमता ज्या भाषेतून आणि ज्या पद्धतीने नीट कळेल त्यात चाचण्या घ्या. अगदीच अशक्य असेल तरच सवलत. मराठी येणारा शाळा-मानसशास्त्रज्ञ मिळणं कठीण, हे मान्य. पण दुभाषा घेता येतो, भाषेवर कमी अवलंबून असलेल्या चाचण्या घेता येतात, घरच्या भाषेतल्या प्रगतीची माहिती पालकांकडून घेता येते.

आणि इथे तुमच्या सासूबाई तुमच्या सगळ्यात मोठ्या साक्षीदार आहेत. मुलगा इंग्रजी कच्चं असल्यामुळे अडखळत असता तर मराठीत अडखळला नसता. ‘काम’ आणि ‘कमा’ यात तो काना कुठे आहे ते धरू शकत नाही, आणि तीच गोष्ट ऐकली तर बिनचूक सांगतो. निदान करणं माझं काम नाही, पण वकील म्हणून सांगतो, शाळेच्या ‘भाषेमुळे होतंय’ या उत्तराला यापेक्षा सरळ उत्तर मला सुचत नाही. सासूबाईंना सांगा, आता वही ठेवा. तारीख, कोणता धडा घेतला, कोणता शब्द कसा वाचला, किती वेळ लागला. उदाहरणार्थ, ‘घर’चं ‘रघ’ केलं, ‘दिवा’ आणि ‘दवा’ एकच वाचलं, तिसऱ्या ओळीला रडायला लागला. पानांचे फोटो काढून खाली इंग्रजीत दोन ओळी लिहा आणि अर्जाला जोडा.

आणखी एक धागा न्यू जर्सीच्याच कायद्यात आहे. ज्या मुलात डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातल्या अडचणीची, लक्षणं दिसतात त्याची दुसरीचं पहिलं सत्र संपेपर्यंत चाळणी चाचणी झालीच पाहिजे. ती झाली का, कधी झाली, निकाल काय, हे अर्जातच विचारा.

अर्ज इंग्रजीत द्या, पण मजकूर एवढाच पुरे : “आमचा मुलगा आपल्या शाळेत दुसरीत आहे. त्याला वाचनासंबंधी अपंगत्व असावं अशी आम्हाला शंका आहे. आयडीईए आणि न्यू जर्सी प्रशासकीय संहितेच्या ६ए:१४ या प्रकरणानुसार चाइल्ड स्टडी टीमकडून त्याचं पूर्ण मूल्यमापन व्हावं, ही लेखी विनंती. त्याची घरची भाषा मराठी आहे. चाचण्या ठरवताना ती विचारात घ्यावी. डिस्लेक्सियाच्या चाळणी चाचणीचा निकालही द्यावा.” वर तारीख घाला. प्रिन्सिपल आणि डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेसच्या डायरेक्टरला ईमेल करा आणि एक प्रत समक्ष नेऊन पोच घ्या. तोंडी बोलण्याने घड्याळ सुरू होत नाही. तुम्ही कौन्सेलरशी जे बोललात त्याचा कायद्याच्या मुदतीसाठी काही उपयोग नाही, आणि बहुतेक पालकांचे महिनेच्या महिने इथेच जातात.

अर्ज पोहोचल्यापासून २० कॅलेंडर दिवसांत, शाळेच्या सुट्ट्या वगळून, चाइल्ड स्टडी टीमने, म्हणजे मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, तुमच्यासोबत बैठक घ्यायला हवी. उन्हाळ्याची सुट्टी मात्र वगळता येत नाही. बैठकीत दुभाषा हवा असेल तर आधी सांगा. त्याचा खर्च डिस्ट्रिक्टचा. मूल्यमापन करायचं ठरलं की तुमची लेखी संमती मागतील. केंद्राचा नियम संमतीपासून ६० दिवसांचा आहे, पण राज्याला स्वतःची मुदत ठरवता येते. न्यू जर्सीने ९० कॅलेंडर दिवस ठेवले आहेत, आणि त्यात मूल्यमापन, पात्रतेचा निर्णय आणि पात्र ठरल्यास आयईपी, म्हणजे त्याच्यासाठी आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा, लागू होणं, हे सगळं आलं. पात्रतेच्या बैठकीच्या किमान १० दिवस आधी अहवाल तुमच्या हातात पडायला हवेत. ते न वाचता बैठकीला जाऊ नका.

नकार मिळाला तर तो लेखी आणि कारणांसह मागा. तो त्यांना द्यावाच लागतो. त्यानंतर राज्याच्या शिक्षण विभागाकडे मध्यस्थी मागता येते, नियम मोडल्याची तक्रार करता येते (ती एका वर्षाच्या आत करावी लागते आणि तिचा निकाल ६० दिवसांत अपेक्षित असतो), किंवा ‘ड्यू प्रोसेस’ सुनावणी, म्हणजे निष्पक्ष अधिकाऱ्यासमोरची रीतसर सुनावणी, मागता येते. मूल्यमापन झालं पण पटलं नाही, तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं. म्हणून आज स्वतःच्या खिशातून काही हजार डॉलर घालून खासगी तपासणी करायची घाई नको. फेडरल नागरी हक्क कार्यालयाकडे जाण्याचा मार्गही कागदावर आहे, पण न्यू जर्सी ज्या न्यूयॉर्क कार्यालयाकडे होतं ते २०२५ मध्ये बंद झालं. तिथे वेळ घालवू नका, राज्याचे दरवाजे धरा. कपातीचा खरा फटका बसला आहे तो इथे : हक्क तसाच आहे, पण वरून लक्ष ठेवणारा कमी झाला, म्हणून पालकाला जास्त जागरूक राहावं लागतं.

व्हिसाबद्दल तुमच्या यजमानांना सांगा की हा कायदा राज्यात राहणाऱ्या सर्व मुलांसाठी आहे, त्यात व्हिसाची अट नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच ठरवलं. तुम्ही तर रीतसर आला आहात. शिक्क्याची भीती मी आपल्या घराघरांत ऐकतो आणि तिचं दुःख मला समजतं. पण मुलाची शैक्षणिक फाइल १९७४च्या फेर्पा कायद्याखाली गोपनीय असते, हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर अपंगत्वाचा उल्लेख करता येत नाही, आणि सेवा नको वाटल्या तर पालकाला लेखी संमती कधीही मागे घेता येते. सात वर्षांचं हुशार पोर रोज वाचताना रडतं आणि मनातल्या मनात स्वतःला ‘ढ’ ठरवतं, तो शिक्का पुसायला कुठलाही अर्ज नाही.

राहिला टेक्सासचा प्रश्न. बदली होणार म्हणून थांबायचं, असा विचार मनात असेल तर उलट घाई करा. टेक्सासच्या शिक्षण विभागाने २००४ पासून शाळांसमोर असा मापदंड ठेवला होता की स्पेशल एज्युकेशनमध्ये ८.५ टक्क्यांहून जास्त मुलं नसावीत. त्यामुळे हजारो मुलं वर्षानुवर्षं ताटकळत राहिली. वृत्तपत्राने ते उघडकीला आणल्यावर केंद्राने चौकशी केली आणि जानेवारी २०१८ मध्ये टेक्सासने आयडीईए मोडल्याचा निष्कर्ष काढला. तो मापदंड आता गेला आहे, पण केंद्राची नजर असण्याने किंवा नसण्याने गावातल्या शाळेत काय फरक पडतो, ते त्या राज्यातल्या पालकांनी भोगलं आहे. दुसरं, वाद सुनावणीपर्यंत गेला तर न्यू जर्सीत सिद्ध करण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर असते. राज्याने २००८ मध्ये तसा खास कायदा केला. टेक्सासमध्ये जो मागणी करतो त्यानेच सिद्ध करायचं, म्हणजे तुम्ही.

इथे आयईपी झाला आणि मग तुम्ही गेलात, तर नव्या डिस्ट्रिक्टला पहिल्या दिवसापासून त्याच्याशी मिळत्याजुळत्या सेवा द्याव्या लागतात, पुढचं ते नंतर ठरवू शकतात. मूल्यमापन अर्धवट असताना गेलात, तरी दोन्ही डिस्ट्रिक्टनी एकमेकांशी बोलून ते लवकर पुरं करायचं असतं. बदलीचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी शाळेकडे मुलाच्या पूर्ण फाइलची प्रत लेखी मागा. फेर्पाप्रमाणे त्यांना ४५ दिवसांत ती फाइल दाखवावी लागते, त्यामुळे सामान बांधायच्या आठवड्यापर्यंत ते काम ठेवू नका. चाचण्यांचे मूळ अहवाल, अर्जाची पोच आणि सासूबाईंची वही मूव्हर्सच्या खोक्यात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. टेक्सासच्या शाळेत दाखल्याच्या वेळीच ते लागतील.