‘पिच’ला खेळपट्टी म्हणू नका

शिरोळ तालुक्यातल्या एका तरुण मंडळाचा प्रश्न आहे. पुरासाठी त्यांनी छोटी बोट घेतली, मागे १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. आता दुकानदार विचारतोय, ‘पंखा ९ पिचचा देऊ की ११?’ सोबत आलेल्या मराठी माहितीपत्रकात पिचसाठी चक्क ‘खेळपट्टी’ छापलंय. तर प्रोपेलरला, म्हणजे इंजिनाखाली पाण्यात फिरणाऱ्या या पात्यांच्या चाकाला, आणि पिचला मराठीत काय म्हणावं, आणि ‘पंखा’ म्हटलं तर काय बिघडतं?

खेळपट्टीबद्दल काय बोलणार! शब्दाचे चार अर्थ असतात एवढंही न बघता छापून मोकळे होतात, आणि असला कागद पुराच्या पाण्यात उतरणाऱ्या पोरांच्या हातात देतात. याचा मला मनापासून राग येतो. पण ‘पंखा’ जास्त नडतो, कारण तो बरोबर वाटतो. पंखा म्हटलं की डोक्यात वारा येतो. मोठा पंखा, जास्त वारा. मग माणूस दुकानात जाऊन ‘मोठ्यातला मोठा द्या’ म्हणतो, बोटीत दहा माणसं बसवतो आणि इंजिन धापा टाकायला लागतं. चुकीच्या शब्दामुळे चुकीची वस्तू घरी येते, ती अशी.

प्रोपेलर म्हणजे मळसूत्र. जहाजवाले इंग्रजीतही त्याला कित्येक वर्षं स्क्रूच म्हणत आले आहेत, आणि ते उगाच नाही. १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज माणसाने पेटंट घेतलं ते खरोखरच्या लाकडी मळसूत्राचं, पूर्ण दोन वेढ्यांचं. पुढच्या वर्षी लंडनच्या एका कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा निम्मा भाग मोडून गेला, आणि बोट थांबायच्या ऐवजी जोरात पळाली! तेव्हा कळलं की पाण्यात अख्खं मळसूत्र लागत नाही, त्याचा तुकडा पुरतो. आजचं पातं म्हणजे तोच तुकडा. १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने मळसूत्राची ‘रॅटलर’ आणि वल्हेचाकांची ‘अलेक्टो’ एकमेकींना शेपटीकडून बांधून ओढाओढ लावली. रॅटलरने अलेक्टोला उलटं ओढत नेलं.

आता ‘पिच’. यासाठी मी कोश उघडला नाही. गाडीच्या डिकीतला जुना प्रोपेलर घेतला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, ओळखीच्या मिस्त्रींच्या लेथवर गेलो. त्यांनी तो हातात फिरवला, अंगठा पात्याच्या पाठीवरून सरकवत मुळापासून टोकापर्यंत नेला, मग दुसऱ्या पात्यावर, मग तिसऱ्या, आणि म्हणाले, ‘ह्यो तीन तोंडी आटा हाय की!’

आटा म्हणजे स्क्रूवरचा पीळ, आणि तीन तोंडी म्हणजे एकाच दांड्यावर तीन पीळ शेजारी शेजारी. एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. लेथवर काम करणाऱ्याला यातलं सगळं ठाऊक असतं: आट्याच्या एका कंगोऱ्यापासून शेजारच्या कंगोऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच, आणि एका पूर्ण फेऱ्यात नट जेवढा पुढे सरकतो ते लीड. एकतोंडी आट्यात दोन्ही सारखीच. तीन तोंडी आट्यात लीड पिचच्या तिप्पट. प्रोपेलरवर जो आकडा कोरलेला असतो तो एका फेऱ्यात पुढे जाण्याचा असतो, म्हणजे मिस्त्रींच्या हिशेबाने ते लीड झालं! बोटवाले त्याला पिच म्हणतात आणि अख्खं जग मान डोलावतं. मी मराठीत त्याला ‘चाल’ म्हणतो. ९ चं मळसूत्र म्हणजे एका फेऱ्याला ९ इंच चाल. पिच शब्द आट्यांपुरताच राहू द्या.

मळसूत्र हा शब्द मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात आहे, अर्थ सरळ स्क्रू. पण तो आला कुठून? एका परिचित प्राध्यापकांनी मला ‘मल अधिक सूत्र’ अशी फोड ऐकवली. ती मला साफ नामंजूर आहे. स्क्रूला मळाशी काय देणंघेणं? माझं मत असं की यातला ‘मळ’ मळणीतला आहे. मळणे हे संस्कृत मृद् धातूचं प्राकृतातून आलेलं रूप, अर्थ चुरणे, तुडवणे, रगडणे. खळ्यात मध्ये तिवडा रोवलेला, बैल त्याच्याभोवती गोल गोल फिरतायत, फिरता फिरता कणसं तुडवली जातायत. लहानपणी आजोळी हे मी तासन्‌तास बघितलंय. तिवडा म्हणजे स्क्रूचा दांडा आणि बैलांची वाट म्हणजे त्यावरचा आटा. फरक इतकाच की बैल एकाच पातळीत फिरतात आणि सूत्र फिरता फिरता दांड्यावर चढत जातं. मळणीसारखं वेढे घेणारं सूत्र ते मळसूत्र. कोशकारांनी हे लिहिलेलं नाही. पण ज्याने मळणी बघितली आहे त्याला ही फोड पटते, आणि मला ती मल-सूत्रापेक्षा शंभरपट खरी वाटते.

आणि पातं! विळ्याचं पातं, कांद्याची पात, पापणीचं पातं, हे सगळे अर्थ तुम्हाला माहीत आहेत. मूळ मात्र संस्कृत ‘पत्र’, आणि पत्राचा जुना अर्थ पीस, पंख. पत् म्हणजे उडणे. पतंग त्याच घरचा. ग्रीकमध्ये याचा सख्खा भाऊ ‘प्टेरॉन’, म्हणजे पंख. आता हेलिकॉप्टर शब्द नीट फोडा. आपण हेली आणि कॉप्टर असा तोडतो, तो चुकीच्या जागी तुटतो. तो आहे हेलिको आणि प्टर: मळसूत्री वेढा आणि पंख. म्हणजे हेलिकॉप्टर ऐकताना तुम्ही ‘मळसूत्र’ आणि ‘पातं’ हे दोन्ही शब्द ऐकत असता. हाच ‘हेलिक्स’ बाळघुटीतल्या मुरुडशेंगेच्या शास्त्रीय नावात बसलाय: हेलिक्टेरेस आयसोरा. ती पिळाची शेंग हातात घेऊन बघा, निसर्गाने पाडलेले आटेच आहेत ते.

हिंदी परिभाषेतून ‘नोदक’ उचलून मराठीत आणू पाहणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. नुद् म्हणजे ढकलणे, अर्थ बिनचूक आहे, मान्य. पण ढकलणारं तर वल्हंही असतं, बांबूही असतो. वस्तू कशी काम करते ते या शब्दातून कळत नाही, आणि उद्यमनगरात त्या नावाने मागितली तर कोणी ओळखणारही नाही. घरात मळसूत्र असताना हा उसना शब्द कशाला?

९ की ११ ते राहिलंच. चालीचा हिशेब करून बघा. इंजिन मिनिटाला ५००० फेरे, खालचा गिअर निम्मे करतो असं धरा, म्हणजे मळसूत्राचे २५००. चाल १० इंच. मिनिटाला २५,००० इंच, ६३५ मीटर, ताशी ३८ किलोमीटर. लाकडात स्क्रू एवढा तंतोतंत गेला असता. पाणी लाकडासारखं घट्ट नाही, ते सटकतं, म्हणून यातले दहा ते वीस टक्के घसरीत जातात. बोट जड झाली की घसर आणखी वाढते.

तुमच्या बोटीत पुराच्या वेळी माणसं, पोरं, गाठोडी असणार. ९ घ्या. कमी चालीचं मळसूत्र म्हणजे घाटातला पहिला गिअर: वेग कमी, ओढ जास्त. नेहमीइतकं वजन भरून पूर्ण थ्रॉटल द्या आणि फेरे मोजा. इंजिनाच्या पुस्तिकेत कमाल फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते, बऱ्याच छोट्या इंजिनांना ती ५००० ते ६००० असते. फेरे त्याच्या खालीच अडकले तर चाल कमी करा, वर उसळले तर वाढवा. चालीत एक इंच बदललं की साधारण दीडशे ते दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. ११ चं मळसूत्र रिकाम्या बोटीला बरं, दोन माणसं घेऊन निरोप पोचवायला. जमलं तर दोन्ही ठेवा. बदलायला एक नट आणि एक कॉटर पिन काढावी लागते. ती पिन मात्र खिशात जादा असू द्या, कारण पंचगंगेतलं केंदाळ मळसूत्राला गुंडाळलं की ते काढायला भर पाण्यात हीच पिन उपसावी लागते आणि ती हातातून निसटते.