योकशी कुस्ती नको, ट्रिम फिरव

कराडच्या धावपट्टीवर विमानाची चार सर्किट (उडायचं, फेरी मारून परत उतरायचं) मारलीस आणि डावं मनगट भरून आलं म्हणतोस. अरे, योक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करायचं हँडल, आवळून धरतोस आणि हातावरचा भार काढणाऱ्या ट्रिमच्या चाकाला हातच लावत नाहीस, मग दुसरं काय होणार?

उसाची गाडी धुरजड झाली की बैलाच्या मानेवर भार येतो, उलाळ झाली की जू वर उचलतं. गाडीवान पुढंमागं सरकून तोल साधतो. ट्रिमही तेच करतं. आपल्या सेस्ना १७२ विमानाच्या एलिव्हेटरला, म्हणजे शेपटीच्या आडव्या हलत्या फळीला, उजव्या बाजूला मागच्या कडेला छोटी पट्टी असते. बाहेर चालत जाऊन बोटानं दाखवून घे. चाक पुढं फिरवलं की पट्टी वर जाते, हवा तिला खाली दाबते, एलिव्हेटर खाली येतो आणि नाक झुकतं. तुझ्या हाताचा जोर आता हवा लावते.

पण क्रम चुकवू नको. आधी योकनं नाक जागेवर धर, मग इंजिनची पॉवर, वेग स्थिरावू दे, मगच चाक. मी सुरुवातीला ट्रिमनंच नाक उचलायला जायचो. समोरचा सदाशिवगडाचा डोंगर कधी काचेत वर, कधी खाली! दोन बोटांत योक राहिला की जमलं. एलरॉन (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) आणि रडर (शेपटीची उभी हलती फळी) यांना आपल्या विमानात असं चाक नाही, तिथं हातपायच.

गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, मात्र सावध. उतरताना ट्रिम नाक-वर लावलेलं असतं. फुल थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा पूर्ण जोर, देताच नाक उसळतं. योक ठामपणे पुढं दाब, वेग सांभाळ, मग ट्रिम. आणि उड्डाणाआधी चाकाची खूण टेक-ऑफवर आहे ना, रोज बघ.